कच्चं मडकं, पक्कं ब्राँझ

तेरला पाहुणा आला की त्याला आधी कुंभार संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला नेतात आणि वेळ उरला तर म्युझियमला. गेल्या खेपेला मी उलटं केलं. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात सगळ्यांची पावलं वळतात ती हस्तिदंती बाईकडे. वीतभरही उंची नसलेली ही बाई इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीची बहीण शोभते. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये गाडलं गेलं. त्या काळी आपलं तेर ‘तगर’ या नावानं रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं, त्यामुळे मी तिथे फार थांबलो नाही.

थांबलो ते पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्तींपाशी. सातवाहन काळातल्या या मूर्ती दुहेरी साच्यातल्या आहेत. पुढच्या अंगाचा एक साचा, पाठीचा दुसरा. दोन्हींत माती दाबायची, अर्धुकं जुळवायची, सांधा बोटानं लिंपायचा आणि भाजायचं. मूर्ती आतून पोकळ राहते. बाजूनं निरखून पाहिलं तर कुंभाराचं बोट सांध्यावरून कसं फिरलं असेल ते कळतं.

दोन हजार वर्षांपूर्वीची ही रीत आणि आज चौकाचौकांत उभे राहणारे ब्राँझचे पुतळे यांत वाटतं तेवढं अंतर नाही. पुतळाही आतून पोकळच असतो, बहुधा तुकड्यांत ओतलेला असतो, सांधलेला असतो. आणि तो आधी मातीचा असतो. पुतळ्याच्या अनावरणाला पडदा ओढणारे, हार घालणारे, फोटो काढणारे हे विसरतात. शिल्पकाराचा हात लागतो तो मातीला. ब्राँझ म्हणजे त्या मातीची पक्की नक्कल, तीही बहुतेकदा दुसऱ्याच्या हातची.

हे सगळं आत्ता आठवण्याचं कारण आमच्या धाराशिव जिल्ह्यातच आहे. तुळजापूरच्या विकासासाठी सरकारनं १,८६५ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. त्यात तुळजाभवानी शिवछत्रपतींना तलवार देते आहे, असं १०८ फुटांचं शिल्प उभारायचं घाटतं आहे. देवी अष्टभुजा दाखवायची की दोन हातांची, यावर २०२५ मध्ये बरीच तोंडं वाजली. उंचीवर कुणी वाद घातला नाही. १०८ म्हटल्यावर कोण घालणार?

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक माणूस घोळतो आहे. तो धाराशिवचा नाही, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचा आहे. पण आज या देशात उंच पुतळ्याचा विषय निघाला की त्याच्या नावाशिवाय पुढे सरकत नाही: शिल्पकार राम वनजी सुतार.

जन्म १९ फेब्रुवारी १९२५. आडनाव सुतार आणि घरचा धंदाही तोच. वडील लाकडाची आणि लोखंडाची कामं करायचे. धुळ्याला श्रीराम कृष्ण जोशी नावाचे गुरू भेटले. या पोराचा हात त्यांनी ओळखला आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. जे. जे.मधून सुतार मेयो सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. पुढे त्यांनी जी नोकरी धरली तिच्याबद्दल त्यांच्यावरच्या लेखांत एखादं वाक्य सापडतं. माझ्या मते ती चार वर्षं सगळ्यात मोलाची आहेत. १९५४ ते १९५८ या काळात ते औरंगाबादला पुरातत्त्व खात्यात मॉडेलर होते. वेरूळ-अजिंठ्याची भग्न शिल्पं दुरुस्त करण्याचं काम त्यांच्याकडे होतं.

म्हणजे नेमकं काय? दगडी मूर्तीचं बोट तुटलेलं असतं, पाऊल झिजलेलं असतं, मांडीचा टवका उडालेला असतो. उरलेल्या अंगावरून गेलेलं अंग ओळखायचं. भार कोणत्या पायावर आहे ते पाहून गुडघा ठरवायचा, खांद्याच्या उतारावरून हात कुठे गेला असेल ते काढायचं. स्वतःची करामत दाखवायची नाही, बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाच्या हाताखाली उमेदवारी करायची. जे. जे.मध्ये समोर मॉडेल बसवून शरीररचना शिकवतात. ती युरोपीय शिस्त सुतारांकडे होतीच. तिच्यावर मराठवाड्याच्या कातळाचं पाणी चढलं ते या चार वर्षांत. त्यांच्या बसलेल्या आकृतींमध्ये जो ठामपणा आहे तो मला वेरूळचा वाटतो. ही माझी समजूत आहे, पुरावा मागू नका.

१९५८ मध्ये ते दिल्लीला माहिती खात्यात गेले आणि वर्षभरात नोकरी सोडून स्वतंत्र काम करू लागले. गांधीसागर धरणावरची ४५ फुटी चंबळमाता हे त्यांचं पहिलं गाजलेलं मोठं काम. मातेजवळ दोन मुलं आहेत, एक मध्य प्रदेश आणि दुसरं राजस्थान. नदीच्या पाण्यावर दोन राज्यांनी भांडू नये, हे आईच्या अंगाला बिलगलेल्या दोन पोरांमधून सांगायचं, ही कल्पना साधी आहे आणि म्हणूनच ती लागू पडते. पुढे पद्मश्री (१९९९), पद्मभूषण (२०१६), टागोर पुरस्कार, २०२४ चा महाराष्ट्र भूषण असं सगळं झालं. १७ डिसेंबर २०२५ रोजी वयाच्या शंभराव्या वर्षी नोएडात ते गेले.

जगाला ते ठाऊक आहेत ते नर्मदाकाठच्या १८२ मीटरच्या सरदार पटेलांमुळे. मला विचाराल तर त्यांचं उत्तम ब्राँझ सोळा फुटांचं आहे, आणि ते उभंही नाही.

संसदेच्या आवारातले बसलेले गांधी. २ ऑक्टोबर १९९३ रोजी राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांनी त्याचं अनावरण केलं. २०२४ मध्ये आवारातले बाकीचे पुतळे जिथे हलवले त्या ‘प्रेरणास्थळा’त हेही गेले. त्याआधीची तीस वर्षं विरोधी खासदार धरणं धरायचे ते यांच्याच पायाशी, त्यामुळे टीव्हीवर हे शिल्प आपण शेकडो वेळा पाहिलेलं आहे. पण पाहिलंय ते फलकांच्या मागे. एकदा फलक वगळून बघा. मांडी घातलेली, हात मांडीवर एकमेकांत विसावलेले, पापण्या खाली. उघड्या अंगावर शाल. म्हाताऱ्या माणसाचं अंग: बरगड्यांवर कातडं सैल, पण पाठीला बाक नाही. शालीच्या चुण्या खाली येताना जाड होत जातात आणि मांडीपाशी धोतराच्या चुण्यांना मिळतात. त्यामुळे सगळा भार खाली, बैठकीत जिरतो. गांधींचे पुतळे देशात अगणित आहेत. बहुतेकांत काठी, चष्मा आणि पुढे टाकलेलं पाऊल एवढ्यावर माणूस ओळखायचा असतो. इथे काठी नाही, चालणं नाही. ओळख पटते ती बसण्यावरून. चिखलाच्या गोळ्यावर बोटं चालवत महिनोन्महिने काढल्याशिवाय असं बसणं हाताला येत नाही.

आता त्या चिखलाविषयी.

पुतळ्याचं काम सुरू होतं लोखंडी सांगाड्यापासून. सळया, जाळी, तारेला लटकवलेले लाकडाचे तुकडे, म्हणजे ओली माती स्वतःच्या वजनानं घसरत नाही. मग चिकणमाती थापायची. ती रोज ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी लागते. एक दिवस विसरलं तर भेगा पडतात. माती मनासारखी झाली की तिच्यावर प्लास्टरचा साचा घेतात, तुकड्यांत. साचा सुटतो तेव्हा मातीची मूर्ती बहुधा मोडते. शिल्पकाराच्या हाताची मूळ वस्तू त्या क्षणी संपलेली असते आणि उरतो तिचा ठसा. त्या साच्यात मेणाचा पातळ थर देतात, धातू जेवढा जाड हवा तेवढाच. आत गाभा भरतात, मेणाच्याच नळ्या जोडतात, काही धातू आत यायला आणि काही हवा बाहेर पडायला. वरून उष्णता सोसणारं कवच चढवून सगळं भट्टीत ठेवतात. मेण वितळून निघून जातं. त्याच्या रिकाम्या जागेत रसरसता धातू ओततात.

ही विद्या आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या वाटेवर बसवकल्याण आहे. ते चालुक्यांचं कल्याणी, आणि आपला सगळा मुलूख एके काळी त्या गादीखाली होता. तिथला राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या जेवणापासून हत्तींच्या पारखीपर्यंत सगळं आहे आणि मेणाच्या मूर्तीवरून धातूची मूर्ती ओतायची रीतही आहे: मेणाच्या मूर्तीला नळ्या लावा, मातीचे थर एकावर एक द्या, मेण तोलून त्यावरून धातू किती लागेल ते काढा. आजचा ओतारीही मेण तोलतो. ब्राँझ मेणापेक्षा नऊपटीहून अधिक जड असतं, एवढा हिशेब त्याच्या तोंडी असतो.

ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील. पायाला तेल चोळायची काशाची वाटी ज्यांच्या घरात अजून आहे त्यांना हा धातू नव्यानं सांगायला नको. वाटीत नि घंटेत कथील जास्त, म्हणून ती खणखणते. पुतळ्याच्या मिश्रणात तांबं पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास, बाकी कथील, जस्त, शिसं. हे मिश्रण पातळ होऊन साच्याच्या कोनाकोपऱ्यात शिरतं, नखाची रेषसुद्धा उचलतं. शिल्पकाराची चूकही तेवढ्याच इमानानं उचलतं.

मराठी शिल्पकारांनी या धातूत मोठमोठी कामं केली. सासवण्याचे वि. पां. करमरकर यांनी पुण्यातला अश्वारूढ शिवाजी मुंबईला माझगाव गोदीत एकसंध ओतला आणि १६ जून १९२८ रोजी त्याचं अनावरण झालं. एवढा ऐवज रेल्वेनं बोरघाटाच्या बोगद्यांतून नेणं हे काम पुतळा घडवण्याइतकंच बिकट होतं. गेटवे ऑफ इंडियासमोरचा अश्वारूढ शिवाजी कल्याणच्या सदाशिव साठ्यांचा, १९६१ चा. मुंबई शेअर बाजारासमोरचा ब्राँझचा बैल आमच्या शेजारच्या सोलापूरच्या भगवान रामपुरे यांचा. तुळजापूरहून सोलापूर पाऊण-एक तासावर, तरी हे आमच्यातल्या कितीकांना ठाऊक असतं कोण जाणे.

करमरकरांचा पुतळा एकसंध ओतता आला, कारण तो माणसाच्या दृष्टीच्या टप्प्यात मावणारा होता. शे-दीडशे फुटांचं काम निराळं. तिथे आत काँक्रीटचा गाभा किंवा पोलादी सांगाडा असतो आणि ब्राँझ म्हणजे त्याच्यावर चढवलेलं कातडं. सरदार पटेलांच्या बाबतीत सुतारांनी आधी लहान प्रतिकृती केली. चेहरा आणि ठेवण यांसाठी अहमदाबाद विमानतळावरचा त्यांचाच जुना पटेल-पुतळा आधार ठरला. मग टप्प्याटप्प्यानं तीस फुटांपर्यंत मजल गेली. पुढचं वाढवणं संगणकानं केलं आणि ब्राँझचे तुकडे चीनमधल्या नानचांगच्या कारखान्यात ओतले गेले. सरदार पाऊल टाकताहेत, म्हणजे दोन पायांमध्ये फट हवी. ही साडेसहा मीटरच्या आतबाहेरची फट इंजिनिअरांना फार छळून गेली, कारण एवढा उंच आकार तळाशीच निमुळता होत होता. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी तो उभा राहिला. बेंगळुरूच्या विमानतळाजवळचा १०८ फुटी केंपेगौडाही सुतारांचाच, नोव्हेंबर २०२२ चा. त्या आकड्याचं तुळजापूरशी जमतं म्हणून सांगितलं.

आता थोडं गणित. तीन फुटांच्या प्रतिकृतीवरून १०८ फुटांचं शिल्प करायचं म्हणजे छत्तीस पट. प्रतिकृतीत ओठाची कड एक मिलिमीटर चुकली, तर वर ती साडेतीन सेंटिमीटरहून जास्त चुकते. नाक अर्धा सेंटिमीटर तिरकं असलं तर वीतभर तिरकं होतं. हे झालं लांबीचं. वारा ज्याच्यावर आदळतो ते क्षेत्रफळ छत्तीस गुणिले छत्तीस, म्हणजे बाराशे शहाण्णव पटींनी वाढतं. आणि बघणारा उभा असतो पायाशी. त्याला हनुवटीखालचा भाग दिसतो, डोकं लहान दिसतं, डोळे भुवयांच्या सावलीत जातात. म्हणून जाणता शिल्पकार वरचे अवयव मुद्दाम थोडे मोठे धरतो. समोर टेबलावर ठेवून ‘छान झालंय’ म्हटलेली प्रतिकृती शंभर फुटांवर छान दिसेलच, असं म्हणूनच सांगता येत नाही.

या गणिताचा हिशेब चुकला तर काय होतं ते महाराष्ट्रानं २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणात पाहिलं. राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पस्तीस फुटी पुतळा कोसळला. अनावरण झालं होतं ४ डिसेंबर २०२३ ला, म्हणजे नऊ महिनेही झाले नव्हते. नंतर राजकारण व्हायचं तेवढं झालं. माझ्या मनात रुतून बसली ती कला संचालकांनी तेव्हा सांगितलेली एक गोष्ट: संचालनालयानं मान्यता दिली होती ती सहा फुटांच्या मातीच्या प्रतिकृतीला, पुतळा पस्तीस फुटांचा होणार हे त्यांना कळवलेलंच नव्हतं. सहाचे पस्तीस म्हणजे जवळपास सहा पट. वाऱ्याच्या दृष्टीनं चौतीस पट. आत गंजलेले बोल्ट आणि कमजोर जोड होते ते वेगळंच. मातीत मान्य झालेली वस्तू आणि धातूत उभी राहिलेली वस्तू यांच्यामधला रस्ता कुणी तपासलाच नव्हता.

त्याच जागेवर नवा साठ फुटी पुतळा उभारायचं काम सुतारांच्या कंपनीकडे गेलं. या वेळच्या अटींत, आधी तीन फुटांची फायबरची प्रतिकृती करा, कला संचालनालयाची मान्यता घ्या आणि मगच पुढे जा, असं बजावलेलं होतं. मे २०२५ मध्ये तो पुतळा उभा राहिला. आपल्याकडे पुतळा पडल्यावर नियम उभा राहतो.

आधी पारखून मग पुढे जायची रीत आमच्या तेरला जुनीच आहे. गोरोबाकाकांची ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईनं थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, काका, हे कशासाठी? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते पारखायला. मग त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं आणि नामदेव तेवढा कुरकुरला. या गोष्टीचा अध्यात्मातला अर्थ कीर्तनकार सांगतातच. मला त्यातली धंद्याची रीत आवडते. कुंभार मडकं विकायला काढायच्या आधी ठोकून बघतो, आणि तेही सगळ्यांसमोर.

आता तुळजापूरकडे येतो. तिथली खरी मूर्ती पाषाणाची, अष्टभुजा महिषासुरमर्दिनी, तीनेक फुटांची. आणि ती चल मूर्ती आहे. वर्षातून ठराविक वेळी सिंहासनावरून हलवून तिला पलंगावर निजवतात. दसऱ्याला सीमोल्लंघनाची पालखी बुऱ्हाणनगरहून येते, पलंग नगरहून येतो. शेजघरात निजणारी, उठणारी, पालखीत बसून प्रदक्षिणा घालणारी ही देवी माणसांच्या मापाची आहे. पुजारी तिला उचलू शकतात. तिचं १०८ फुटांचं रूप करायचं तर ते काही त्या मूर्तीचं वाढवलेलं माप असणार नाही. ते वेगळंच शिल्प असेल, स्वतःच्या पायावर उभं राहावं लागणारं. हात आठ की दोन, हा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे, त्यात मी पडत नाही. पण आठ हात हवे असतील तर दोन्ही बाजूंना झुकणारे ते चार-चार हात शंभर फुटांवर वाऱ्यात कसे तग धरतील, हा प्रश्न इंजिनिअरांचा आहे. आणि तलवार देणारा हात व घेणारा हात यांच्यामधल्या त्या चार बोटांच्या जागेत सगळा प्रसंग कसा उतरवायचा, हा प्रश्न शिल्पकाराचा. त्या जागेवर आजवर कुणी काही बोललेलं माझ्या कानावर नाही.

हे काम कुणाला मिळतं ते मिळो. शिल्पकारांकडून प्रतिकृती मागवायचं सरकारनं ठरवलं हे बरं झालं. माझं मागणं एवढंच: त्या प्रतिकृती मुंबईच्या एखाद्या दालनात समितीपुरत्या ठेवू नका. निवडलेली प्रतिकृती मातीत असतानाच, साचा घेण्याआधी, तुळजापुरात आणा. कोजागरीला लाखांनी पायी माणसं येतात. त्यांच्या वाटेवर, महाद्वाराच्या अलीकडे, ती मांडवात ठेवा. ओल्या फडक्यांनी झाकलेली असली तरी चालेल. बार्शीची, उमरग्याची, लातूरची, नगरची माणसं तिच्याभोवती फिरू द्यात, खालून वर बघू द्यात, ‘हात असा नको होता’ म्हणू द्यात. शिल्पकारालाही तिथे बसवा. माती असेपर्यंत हात हलवता येतो.